नीरो बादशहाचा कौल

आखाती युद्धाच्या त्या दिवसांत शुक्रवारी दुपारची जेवणं उरकली, की सौदीतल्या अल सुलैच्या आमच्या कामगार कॅम्पात एकाच खोलीसमोर चपलांचा ढीग पडायचा. आत स्टोअरकीपर उमाकांतचा दरबार! विषारी वायूच्या भीतीनं खिडक्या चिकटपट्टीनं बंद केलेल्या, चाळीस माणसं श्वास रोखून बसलेली. मध्ये काचेची रिकामी बाटली आणि तिच्या तोंडावर एक हिरवट नाणं.

बाटलीला दोन्ही हातांनी कवटाळून उमाकांत सुरू व्हायचा, "नाण्यावरचा हा रोमचा बादशहा नीरो! सख्ख्या आईला मारलं. राजधानी जळाली. शेवटी पहारेकरीसुद्धा पळाले. मित्रांची दारं ठोठावली, एकानंही उघडलं नाही! एकटा मेला, म्हणून एकट्यांचं ऐकतो. विचारा! एकदा वाजलं तर नाही, दोनदा वाजलं तर होय."

"स्कड क्षेपणास्त्र इथं पडेल?" एकानं विचारलं.

टक्. नाणं आपोआप उडालं. चाळीस जणांनी सुस्कारा सोडला.

मग रत्नागिरीचा नूरुद्दीन पुढं सरकला. त्याचा धाकटा भाऊ शारीक कुवेतला. ऑगस्टमध्ये इराकी फौजा तिथं घुसल्यापासून पत्र नाही. "शारीक जिवंत आहे?"

टक्, टक्.

"सीमेपाशी आलाय? खफजीत?"

टक्, टक्.

नूरुद्दीन ताडकन उठला. "उद्या उत्तरेकडं ट्रक जातोय. मी चढतो त्यात."

माझं डोकंच फिरलं. खफजीत तोफा धडाडत होत्या! आणि ती बाटली माझ्याच फ्रिजमधली. मी कॅम्पचा कंपाउंडर, पण सगळे डॉक्टरच म्हणायचे. उमाकांत दर शुक्रवारी बाटली दवाखान्यात ठेवायचा. रिकामी बाटली कशाला गार करतोस, असं मी शहाण्यानं कधी विचारलंच नव्हतं.

धावत जाऊन फ्रिजमधली गार पाण्याची बाटली रिकामी करून आणली. बाटलीच्या तोंडाला पाणी लावलं, खिशातले आपले आठ आणे वर ठेवले, हात लपेटले. टक्!

"बघा, आठ आणेही भविष्य सांगतात! आतली गार हवा हाताच्या उबेनं फुगते आणि नाणं ढकलून बाहेर पडते. हात काढला, की बादशहा मुका. आता बसवा त्याला बाहेर उन्हात तापलेल्या बाटलीवर!"

बसवला. नीरो गप्प. माणसं शिव्या घालत उठली.

नूरुद्दीन मात्र तिथंच बसला. "मग शारीकचं मला कोण सांगणार, डॉक्टर?"

"मला माहीत नाही रे," मी म्हणालो. फार वाईट वाटलं. "रेड क्रॉसला पत्र लिहू. उत्तर येईपर्यंत दोघं मिळून वाट बघू." दुसऱ्या दिवशी ट्रक त्याच्याशिवाय गेला.

त्या संध्याकाळी उमाकांत दारोदार फिरला. कुणी उघडलं नाही. शेवटी माझं दार वाजलं.

"त्याला बरं वाटावं म्हणून होय म्हटलं हो," तो रडवेला झाला. "एरवी माझ्या खोलीत कोण येतं?"

"अरे बाबा, मग चहाला बोलवायचं होतंस! तुझ्या करमणुकीपायी माणूस मेला असता!" मी झापलं, आणि स्टोव्ह पेटवला.

मंडळी, भीती वाटण्यात, एकटं वाटण्यात लाज नाही. पण जे माहीत नाही, त्याला माहीत नाही म्हणा. नाण्याला विचारू नका. शेजाऱ्याचं दार ठोठावा. आणि कुणी तुमचं ठोठावलं, तर तेवढं उघडा.