दीडशहाणी गाडी

"बाबा, या वयात लक्ष उडतं," म्हणत केयूरने आम्हाला ही दीडशहाणी गाडी घेऊन दिली. तिची पूजा करायला मी आणि माझी बायको लीना बागबाजारच्या देवळाकडे निघालो. वाटेत काचेवर वाफ धरली. जुन्या गाडीत वाफ घालवायचं बटण मी न बघता दाबायचो. इथे ते स्क्रीनच्या पोटात दडलेलं. शोधायला नजर वळवली की चालकावर नजर ठेवणारा समोरचा कॅमेरा मला पकडायचा आणि गाडी खेकसायची, रस्त्याकडे बघा. रस्ता दिसत होता कुठे? शेवटी गाडी थांबवून मी रुमालाने काच पुसली, आणि लीनाने करंड्यातल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा कॅमेऱ्यावर लावला. तेव्हा कुठे गाडी गप्प झाली.

संध्याकाळी केयूरने विचारलं, "कॅमेऱ्याचा उपयोग झाला ना?"

"झाला की. तो आंधळा झाल्यापासून माझं लक्ष एकदाही उडालं नाही."