तीन राजे आणि व्याही

गावात जीवरामइतकी चांगली पानं कुणाला येत नसत, आणि जीवरामइतकं कुणी हरतही नसे. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, दोन दिवस साक्रीकडच्या त्या गावात ओट्याओट्यावर तीन पानी रंगे. एरवी पत्त्याला हात लावला तर कान धरणारी माणसंसुद्धा त्या दोन दिवसांत मांडी ठोकून बसत. जीवरामची मांडी तर सगळ्यांच्या आधी. हातात एक्का आला की हा गडी टोपी मागे सरकवी, घसा साफ करी आणि आत हाक मारून पाणी मागे. इतकी दवंडी पिटल्यावर समोरचा कशाला बसेल? पटापटा पानं टाकून सगळे मोकळे होत. मग हा आपली पानं उताणी करून साऱ्या गावाला दाखवी आणि नशिबाला शिव्या देई. नशीब बिचारं आणखी काय करणार? पानं देणं त्याच्या हातात, अक्कल देणं नाही.

त्याच्या कमलला हे सातव्या वर्षापासून कळत होतं. बाप खेळायचा, ती मागे बसून बघायची. पत्ते वाटणारा रमजान पिंजारी बापाला दरवर्षी एकच गोष्ट सांगे, "जीवरामभाऊ, हातमा चांगलं पान उनं म्हनजे तोंडले कुलूप लावनं पडस." बाप मान डोलवी आणि पुढच्याच डावाला कुलूप-किल्ली दोन्ही फेकून देई.

पण या आखाजीला कमलला बापाचं हसू येत नव्हतं. तिला चौथा महिना लागला होता. मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात सासऱ्याने तिला पेरणीला जुंपलं, आणि पाभरीमागे चालता चालता तिचं पोट पडलं. "शेतकरीनी बाई, व्हस असं," एवढं बोलून सासरा तंबाखू मळायला मोकळा झाला होता. पहिलं बाळंतपण माहेरीच करायची रीत, पण पाठवायचं सातव्यात. पेरणी त्याआधीच होती. म्हणून यंदा आखाजीला आली ती परत जायचंच नाही हे मनात धरून. "आबा, मामासले सांगा, आते बाळंतीन होयेपावत पोर आठेच ऱ्हाई," असं सासऱ्याला सांगायला तिने बापाला दहादा पढवलं होतं. बाप दहाही वेळा म्हणाला, "सांगस ना, सांगस."

सणाच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सासरा, रुपचंद, धुळ्याकडून गाडी घेऊन आला. आमरसावर पुरणपोळ्या झाल्या, सुपारी झाली, पण जीवरामच्या तोंडून काही फुटेना. शेवटी त्याने शब्द काढला तोही मान खाली घालून, जणू व्याह्याचा बैल चोरल्याची कबुलीच देत होता. रुपचंद हसला. माणूस पक्का होता. नाही म्हणून वाईटपणा कशाला घ्या, त्यापेक्षा खेळून जिंकावं.

"याही, खेळी लेऊत तीन पानी. तुम्ही जिकनात तर पोर बाळंतीन होयेपावत आठेच ऱ्हाई. मी जिकनू तर सकायले गाडी जुपस."

जीवरामला वाटलं, सुटलो! मागण्यापेक्षा खेळणं सोपं. आतून कमलने हे ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाला एक वाक्य बोलता येईना, म्हणून तिच्या पोटातला जीव पत्त्यांवर टांगला होता.

व्याह्याव्याह्यांत पैसा कसा लावायचा? म्हणून दोघांना पन्नास-पन्नास चिंचोके दिले. ज्याचे संपतील तो हरला. वाटायला रमजान. कमलची माय, भागाबाई, देवापाशी जाऊन बसली. कमल मात्र उंबऱ्याच्या आत, बापाच्या पाठीशी, डाळ निवडत बसली. डोक्यावर पदर, मान खाली. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण सासऱ्याशी ती एक शब्द बोललेली नव्हती. सून बोलत नसते.

दुसऱ्याच डावात जीवरामला तीन एक्के आले. त्याहून मोठं पान पत्त्यांत नाही. झालं! टोपी मागे गेली, घसा साफ झाला, आणि पहिल्याच चालीला त्याने वीस चिंचोके ओतले. रुपचंदने त्याच्या टोपीकडे पाहिलं आणि पानं टाकली. तीन एक्क्यांवर जीवरामने मिळवला एक चिंचोका. रमजानने कपाळाला हात लावला. कमलला वाटलं, हातातली डाळ बापाच्या टोपीवर ओतावी.

उलट रुपचंद चांगली पानं आली की कण्हायचा. "आज काही खरं नही," म्हणत एकेक चिंचोका टाकायचा आणि जीवरामला हळूहळू आत ओढायचा. ऊन कलायच्या आत जीवरामपाशी वीस उरले.

आणि तेव्हा त्याला तीन राजे आले. कमलने ते त्याच्या खांद्यावरून पाहिले. बापाचा हात टोपीकडे निघालेलाही पाहिला. तिने डाळीचं सूप आपटलं. जीवराम दचकला, त्याचा हात खाली आला. मग ती रडवेलं तोंड करून उठली, आणि दारासमोरच, सासऱ्याला नीट दिसेल अशी, आपली लुगडी गाठोड्यात भरू लागली. डोळ्यांना पदर लावायलाही विसरली नाही.

रुपचंदने तिरप्या नजरेने ते टिपलं. पोरीने बापाची पानं पाहिली, आणि पाहून गाठोडं बांधायला घेतलं! आणखी काय पुरावा हवा? त्याने जीवरामसमोर होते तितके वीस चिंचोके एकदम पुढे सरकवले.

"लावा याही, काय लावाना ते! आपला वीसले तुम्हना वीस."

हे वीस जिंकले की चाळीस झाले. उद्यापर्यंत खेळ लांबला असता, आणि रुपचंदची कण्हण्याची कला आता कमलला पाठ झाली होती. तिचे हात गाठोड्यावरच थांबले. लाव, आबा, लाव.

जीवरामने चिंचोके मुठीत घेतले. वर व्याह्याच्या तोंडाकडे पाहिलं. पोरीचा सासरा, दारी आलेला, सणाचा पाहुणा. त्याला आपल्याच ओट्यावर, चार लोकांत खाली पाहायला लावायचं? जीवरामच्या चेहऱ्यावर एक पवित्र, मूर्ख हसू पसरलं. त्याने तीन राजे पालथे टाकून दिले आणि मुठीतले वीसही चिंचोके व्याह्यापुढे ओतले.

"नको याही. पोरना बाप शे मी. तुम्हना मान मोठा. डाव तुम्हना."

कमल ओट्यावर आली. वाकून तिने ती पानं उताणी केली. रमजान ओरडलाच, "तीन राजा!" रुपचंदच्या हातात सत्त्यांची जोडी होती. क्षणभर त्याचा चेहरा पडला, पण लगेच सावरून तो म्हणाला, "टाकेल पान मरेल पान." रमजानने मान खाली घातली. नियम खरा होता.

कमलला भीती वाटत होती, पण बापाबद्दलची चीड त्या भीतीहून मोठी होती. तिने सासऱ्याकडे सरळ पाहिलं.

"मामा, मी येत नही. गये साल तुम्हनी पेरनीमा मन्हं पोट पडनं. यंदा बाळंतीन होयेपावत मी आठेच ऱ्हासू. तुम्हले नेनंच व्हई तर गाठोडासारखं उचली न्या."

सुनेशी वाद घालायचा तर तिच्याशी बोलावं लागणार, आणि बोलण्याची रुपचंदला सवय नव्हती. तो व्याह्याकडेच वळला. "याही, तुम्हनी पोर बोलनी!"

"कमल!" जीवराम म्हणाला. "मामासना पाया पड!"

कमल जागची हलली नाही. रुपचंदने काठी उचलली. "मंग ठेवा तिले घर. आमनं बोलावनं येवाव नही," म्हणत तो तरातरा गाडीकडे गेला. तिथे तो जरा थांबला, कुणी मागून येतंय का पाहायला. कुणी आलं नाही.

जीवराम पालथ्या हातांनी डोळे पुसत पत्त्यांसमोर बसून होता. कमलने त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याची दया यायला हवी होती, पण आली नाही.

"आबा, उठा," ती म्हणाली. "त्यासना बैलले पानी दाखाडा. तेवढा तरी मान करा."

आणि जीवराम उठला, आणि खरंच बादली घेऊन गेला.