लाल फाटक

"बेटी, दरवाजे के आगे कुछ मत रखना."

भिंतीपलीकडून आवाज आला तेव्हा उल्का पाठ लावून कपाट ढकलत होती. ती थांबली नाही. कपाटाचे पाय फरशीवर करकरले आणि त्याची पाठ दाराला टेकली.

"निकलने के रास्ते दो होने चाहिए. हमेशा दो."

"जी अंकल," ती म्हणाली, आणि कपाट हलू नये म्हणून पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली.

आखातातल्या मुऐदर या वस्तीतल्या त्या व्हिलामध्ये मालकाने जिप्समच्या भिंती घालून चार बिऱ्हाडं बसवली होती. उल्काच्या आणि शेजारच्या घरामधलं जुनं दार काढायचं तेवढं राहून गेलं होतं, आणि त्याची कडी उल्काच्या बाजूला होती. पलीकडे निदा राहायची. ती नर्स, नवरा समुद्रातल्या रिगवर, आणि घरी म्हातारे सासरे. ते दोनदा भर उन्हात बाहेर पडून वाट चुकले, तेव्हापासून निदा ड्यूटीवर जाताना बाहेरून कुलूप लावायची. किल्ली फिरली की उल्काची गार्गी कडी काढायची आणि चित्रांची वही घेऊन पलीकडे पळायची. पाच वर्षांच्या पोरीला खेळायला आजोबा मिळाले, म्हणून उल्काही निश्चिंत होती.

मग मे महिना उजाडला. इकडच्या आणि तिकडच्या बातम्यांत विमानं घिरट्या घालू लागली. निदाच्या दारावर हिरवा झेंडा नव्हता की उल्काच्या दारावर तिरंगा नव्हता, तरी अंगणात भेटल्यावर दोघी भाजीच्या पिशव्यांकडेच बघत बोलायच्या. त्याच आठवड्यात गार्गीने ते चित्र आणलं. उंच चौथऱ्यावर एक मिशीवाला माणूस, डोक्यावर विमान, भोवती लोखंडी कठडा. कठड्याला दोन फाटकं, एक काळं आणि एक लालभडक.

"हे कोण ग?"

"ग्रँडपाज हीरो. हिज स्टॅच्यू इज इन देअर सिटी. ही वॉज बॉर्न इन पोलंड अँड ही फॉट अ वॉर."

"कुणाशी?"

गार्गीने खांदे उडवले. उल्काने मात्र कणीक मळता मळता हिशेब घातला. सरहद्दीपलीकडचं शहर, पासष्ट सालचं युद्ध. तिचा हात परातीतच थांबला.

तिचा नवरा शौनक संध्याकाळी आला तेव्हा चित्र फ्रिजवरून उतरलं होतं.

"माणसं चांगली असतील ग," तो बूट काढत म्हणाला. "पण आपण इथे कॉन्ट्रॅक्टवर. उद्या कोणी काही फोटो काढला, फॉरवर्ड केला, तर एचआरला कोण समजावणार?"

दुसऱ्या दिवशी तिने कपाट ढकललं. पलीकडून पुन्हा तो विषय निघाला नाही. फक्त निदाची किल्ली फिरल्यावर, थोड्या वेळाने, दाराच्या खालच्या अंगाला कुणीतरी बसल्याचा आवाज व्हायचा. मग गार्गी कपाटाशी जाऊन उभी राहायची, आणि उल्का टीव्हीचा आवाज वाढवायची.

जूनमधली ती संध्याकाळ, आता आखातातच लढाई पेटलेली. गार्गी वरणभात चिवडत होती. शौनक इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपवर होता. उल्का ताटावरून ओरडणार, तेवढ्यात खिडकीची काच थरथरली. आधी तिला वाटलं, एसीच पडला. मग दुसरा हादरा आला आणि ओट्यावरची भांडी एकमेकांवर आपटली. काचेतून दिसणाऱ्या आभाळात केशरी ठिणग्या वर चढत होत्या, मध्येच फुटून विझत होत्या. फोन कधी नव्हे अशा आवाजात किंचाळला: क्षेपणास्त्रांचा इशारा.

तिने गार्गीला कडेवर उचललं आणि हॉलमध्ये उभी राहिली. हॉलला काच होती. बेडरूमला काच होती. स्वयंपाकघराला होतीच. भाडं ठरवताना तिनेच शौनकला म्हटलं होतं, उजेड बघ किती आहे. तिने त्याला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

तेव्हा टकटक झाली. कपाटामागून, खालच्या अंगाने.

उल्का जागची हलली नाही. म्हाताऱ्याला बाहेर पडायचंय, तिच्या मनात आलं. कुलूपबंद घरात कुणाला राहावेल? दार उघडलं तर तो बाहेर धावेल, मग त्याच्यामागे कोण जाणार? आणि शौनक काय म्हणेल? तिसरा हादरा बसला. गार्गीने तिच्या मानेत तोंड खुपसलं.

"बेटी." आवाज शांत होता, मुलाला झोपवताना असतो तसा. "बच्ची को इधर लाओ. जीने के नीचे खिड़की नहीं है."

गार्गीला खाली ठेवून ती कपाटाला भिडली. ते हलेना. वरच्या खणात तांदूळ होते, डाळी होत्या, हिवाळ्याच्या रजया होत्या. तिने दोन्ही हातांनी सगळं जमिनीवर ओढलं, पुठ्ठा लाथेने उडवला, खांदा लावला. कडी काढताना बोट चेमटलं ते तिला नंतर कळलं.

पलीकडे, जिन्याखालच्या खोपट्यात आजोबांनी गोधडी अंथरली होती. पाण्याच्या बाटल्या, टॉर्च, बिस्किटांचा पुडा. आत ते बसले नव्हते. ते बाहेर, उंबऱ्यापाशी बसून होते.

"पहले आप लोग," ते म्हणाले.

तिघं दाटीवाटीने बसली. गार्गीला बिस्किट देताना म्हातारबाबांच्या हातून पुडा दोनदा खाली पडला.

"आपको भी डर लगता है?" उल्काने विचारलं.

"बहुत. पासष्ट में अठारह का था, हवाई फौज के वर्कशॉप में नया लड़का. आप लोगों के जहाज आए थे." ते जरा हसले. "हमारे पोलिश साहब रोज हम लड़कों को गिनते थे, फिर दरवाजे गिनते थे. पोलंड में उनकी माँ और बहन बमबारी के वक्त तहखाने में थीं. ठंडी हवा रोकने को किसी ने पीछे के दरवाजे के आगे सामान लगा दिया था. बस."

चेमटलेलं बोट उल्काने तोंडात धरलं.

"उनका पुतला बना तो रेलिंग लगाई, एक ही फाटक वाली. मैंने अर्जी दी कि दूसरा भी रखो. अफसर हँसे. बोले, चाचा, पुतले को कहाँ भागना है? दूसरा तो आपकी बच्ची ने लगाया, लाल."

"आमच्या कोल्हापुरात," उल्का म्हणाली, आणि मराठी बोलतोय हे लक्षात येऊन थांबली. "हमारे कोल्हापूर में भी पोलंड के लोगों का एक खंबा है. बाग में. लड़ाई के टाइम वो लोग उधर रहे थे. स्कूल की ट्रिप में हम वहीं डब्बा खाते थे."

"खाना अच्छा था?"

"दहीभात."

ते मान हलवत राहिले, जणू त्यांना हेच ऐकायचं होतं.

त्यानंतर कपाट बाजूच्या भिंतीला गेलं आणि चित्र फ्रिजवर परतलं. हिवाळ्यात शौनकच्या कंपनीने अल अझीझियात फ्लॅट दिला. इथल्या रीतीप्रमाणे जड सामान पुढच्या भाडेकरूसाठी तिथेच राहिलं, कपाटही. निघताना उल्काने मालकाच्या माणसाला दाराचं बजावून सांगितलं. तो किल्ल्या मोजत म्हणाला, "इन्शाल्ला, मॅडम."

आज गार्गी शाळेचे मोजे काढत असताना फोन तसाच किंचाळला.

उल्काने तिला बाथरूममध्ये बसवलं, मांडीवर उशी दिली. शौनकचा मेसेज आला: ऑफिसातच थांबवलंय, बाहेर पडू नका. निदाला लावलेला फोन वाजून वाजून बंद झाला. ड्यूटीवर असणार. म्हणजे किल्ली फिरली असणार. दूरवर काहीतरी गडगडलं आणि नळाची तोटी बारीक वाजू लागली. दाराच्या फटीतून फ्रिज दिसत होता, फ्रिजवर लाल फाटक.

तिने इथल्या मराठी मंडळाचा ग्रुप उघडला. अंगठा सारखा चुकीच्या अक्षरावर पडत होता. पुसून पुसून तिने लिहिलं:

मुऐदरमध्ये कोणी आहे का? मशिदीमागची पिवळी व्हिला, खालचं डावीकडचं घर. तिथे नवीन कोण आलंय मला माहीत नाही. तुम्हीच असाल आणि हे वाचत असाल, तर हॉलमधलं कपाट बघा. दारापुढे ठेवलं असेल तर सरकवा. जड आहे, आधी वरचे खण रिकामे करा. कडी तुमच्याच बाजूला आहे. पलीकडे एक आजोबा आहेत, बाहेरून कुलूप आहे. ते स्वतःहून मागणार नाहीत. प्लीज, तुम्ही आधी टकटक करा.