बदकांच्या मागं

सरका असे जवळ. कापुआस नदीकाठच्या एका मास्तरणीची गोष्ट सांगतो. ऐकता ऐकता हसाल, आणि मग ते हसू घशातच अडकंल.

रेत्नोबाई शहरातनं होडीनं यायची, गावातल्या बायकांना सिनेमा शिकवायला. थेटर सोडा, तिथं धड वीज नाही. शॉट बघायचा कसा, मोबाइलवर काढायचा कसा, ते शिकवायची. मग पांढरं कापड बांधून गावाला दाखवायची. नियम एकच : शॉट कापडावर थांबवायचा, आणि ज्यानं काढला त्यानं उभं राहून बोलायचं. लाजायचं नाही.

त्या संध्याकाळी जनरेटर दिला होता पाक हुस्नीनं, म्हणजे हुस्नीरावानं, लाकडाच्या गिरणीच्या मालकानं. पुढच्याच चटईवर बसून शेंगा सोलत होता.

माक जुराइदाचा, म्हणजे जुराइदाआईचा, शॉट लागला. म्हातारीची बदकं, नदीत ओळीनं चाललेली. मोबाइलवर रेत्नोनं किती वेळा बघितला होता! पण कापडावर सगळं मोठं झालं आणि तिला मागचं दिसलं. बदकांच्या मागं ओंडके. तोड बंद असलेल्या जंगलातले, एकाला एक बांधलेले, आणि त्यांना ओढणारी हुस्नीची निळी होडी. मागल्या साली या ओंडक्यांचं चौकीत बोललेला माणूस नदीतच तरंगताना सापडला होता.

शेंगा फुटायचा आवाज थांबला. शॉटही थांबला.

हुस्नी मागं वळला. आवाज कसा, मधासारखा. "छान आहे हो. कोणी काढलं? तुमचा नियम आहे ना, बाई? उठवा की."

माक गुडघ्यावर हात टेकून उठायलाच लागली. तिला बापडीला नुसती बदकं दिसत होती.

"मी!" रेत्नो उभी राहिली. "मी काढलाय."

"अगं ए खोटारडे!" माक कडाडली. "बदकं माझी, चिखलात बुड भिजवून बसले मी, आणि शॉट तुझा व्हय?"

लोक खिदळले. हुस्नी नाही. एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिला.

रेत्नोनं म्हातारीचा हात गच्च दाबला. रेत्नोचा गार पडलेला हात लागला तशी माक चमकली. कापडाकडं वळली. या खेपेला बदकांच्या मागं बघितलं.

"हां... बदकं तेवढी माझी," ती हळूच म्हणाली. "शॉट हिचाच. मला मेलीला मोबाइल कुठं धरता येतोय?"

हुस्नीनं मांडीवरची टरफलं झटकली. "उद्या निघणार ना बाई? माझीच होडी सोडंल तुम्हाला."

त्या होडीत रेत्नो बसली नाही. बायकांनी तिला रबराच्या झाडीतनं, पायवाटेनं पार केलं. ती परत काही आली नाही.

माक मात्र अजून त्याच काठावर बदकं राखते. म्हणून हात जोडतो. ही गोष्ट कुठं सांगाल तर खुशाल सांगा, पण शॉट मास्तरणीनंच काढला असं सांगा.