कमरेवर वळ असलेला काळा मोती

मित्रांनो, मोत्यांच्या एका दुकानात खिडकीलगतच्या खणात मी राहतो. मी आता जुना झालो आहे. मला काळा मोती म्हणतात, पण उजेडात धरलंत तर माझ्या अंगावर हिरवी-जांभळी झाक खेळताना दिसेल, मोराच्या मानेवर खेळते तशी.

शिंपल्यात वाढताना माझ्या कमरेभोवती एक वळ उठला. माझ्या भावंडांचे हार झाले, मी मागे राहिलो. पण दुकानाच्या मालकीणबाईंनी मला टाकलं नाही. त्यांना सगळे मावशी म्हणत. याच्यावर शिकवता येईल, असं म्हणून त्यांनी मला जवळ ठेवलं. तेव्हापासून इथे जो कोणी पारख शिकला, तो माझ्यावरच हात बसवून गेला. हा मान हारातल्या मोत्यांना कुठला?

शेवटी मावशींची सख्खी भाची शिकायला आली. मावशी तिला मला पांढऱ्या कापडावर घरंगळवायला लावत. आधी चमक बघायची, खिडकीचे गज मोत्यात रेखीव उमटतात का ते पाहायचं. मग अंगावरचे खड्डे, मग आकार, रंग सगळ्यांच्या मागून. भाचीला मात्र पहिली भुरळ रंगाचीच पडे. मावशी रागावत नसत, पुन्हा घरंगळव म्हणत.

पुढे मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मोत्यांनी शेवटी डोळ्यांतच घर केलं, असं त्या हसत सांगत. पण पारख आता भाचीवर आली.

एके दुपारी एक आजी काळ्या मोत्यांच्या कुड्या घेऊन आल्या. दुसऱ्या दुकानात त्यांना मोती खोटे आहेत असं सांगितलं होतं.

"मला विकायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी लग्नात दिल्या होत्या. ते गेले आता. त्यांनी मला फसवलं होतं का, एवढंच सांगा."

मोती राखेसारखे निस्तेज होते. भाचीचा चेहरा उतरला. ती बोलणार, तोच मावशींनी विचारलं, "पुसलेस का?"

भाचीने ओलसर मऊ फडक्याने मोती हलकेच पुसले. वर्षानुवर्षांचा घाम आणि अत्तर फडक्यावर उतरलं. मग तिने मला त्यांच्या शेजारी ठेवलं. मित्रांनो, होती नव्हती तेवढी चमक मी त्या दिवशी पणाला लावली! हळूहळू त्यांच्या अंगावरही माझ्यासारखीच हिरवी झाक उठली. भिंगातून तिने भोकाच्या कडा तपासल्या. रंगवलेल्या मोत्याच्या भोकाशी रंग साचतो, इथे तो नव्हता.

"आजी, मोती खरे आहेत," भाची म्हणाली. "पहिल्या प्रतीचे नाहीत, खड्डे आहेत थोडे. पण अस्सल आहेत."

आजींनी तिथेच कुड्या कानांत घातल्या.

त्या गेल्यावर मावशी खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीवरून उठल्या. "आजपासून इथे तू बसायचं. मला दिसत नाही म्हणून नव्हे. तू खड्डेही सांगितलेस म्हणून."

त्या दिवशी माझी छाती वळासकट फुगली.

मित्रांनो, आमची कातडी फार नाजूक असते. अत्तर आधी लावा, आम्हाला मागून घाला, काढलंत की पुसून ठेवा. आणि कुणालाही खोटं ठरवण्याआधी एकदा फडकं तरी फिरवून बघा.