मुंजाजीचा अंगठा

"नळ चालू ठेवा हो," किरणोत्सार तपासणारे साहेब तिसऱ्यांदा म्हणाले. साबण लावताना मुंजाजीनं पुन्हा नळ बंद केला होता. त्याच्या ते लक्षातही येत नव्हतं. शिरूर कासारकडच्या त्याच्या गावात आठव्या दिवशी टँकर यायचा. वाहता नळ बघून त्याला कसंतरीच होत होतं.

तासभर हात धुणं चाललं. दरवेळी हात तपासणीच्या यंत्रावर ठेवला की ते केकाटायचं. अंगठ्याला काहीतरी चिकटून बसलं होतं; ते दिसत नव्हतं, दुखतही नव्हतं.

मुंजाजी माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात फिटर होता. ऊसतोड्याच्या घरात पाना धरणारा पहिलाच माणूस, आणि त्याचा त्याला भारी तोरा. नोकरी लागली त्या दिवशी त्यानं बायकोला, साखराबाईला, शब्द दिला होता, "आता तुझ्या हातात कोयता दिसायचा न्हाई." मग दोन वर्षं पाऊस नाही, ऊस नाही, कारखाना बंद. दूर समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात महिनाभर भट्टी बंद ठेवून इंधन बदलतात, दुरुस्त्या करतात. त्या शटडाऊनला ठेकेदार बाहेरची माणसं घेतो. ठेकेदाराचा सुपरवायझर उत्तरेश्वर मुंजाजीच्याच भागातला, तलवाड्याचा. हा महिना नीट काढलास तर कायमचा ठेवून घेतो, असं त्यानं मुंजाजीला कबूल केलं होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी एका व्हॉल्व्हचा नट आटा धरेना, फिरवला की तिरका जाई. किरणोत्सारामुळे आत थांबायला मोजकी मिनिटं. साखर कारखान्यात मुंजाजीची रीत एकच: पाना लावण्याआधी नट अंगठ्यानं फिरवायचा, आटा धरला की अंगठ्याला कळतं. जाड हातमोज्यातून कळेना, तेव्हा त्यानं उजव्या हाताचा मोजा काढला. नट एका दमात बसला. तो खूश होऊन बाहेर आला आणि दारातलं यंत्र वाजलं.

शेवटी हात धुता धुता एकदाचं यंत्र गप्प झालं. घाबरायचं कारण नाही, साहेब समजुतीनं म्हणाले. पण मोजा काढणाऱ्याला पुन्हा आत घेत नाहीत, असं सांगून त्यांनी पास ठेवून घेतला. बाहेर उत्तरेश्वर उभाच होता.

"कावून काढला बे मोजा? दोनच दिस राहिलते."

"नट वाकडा बसला असता."

"बसू द्यायचा. दुसऱ्यानं काढला असता."

ते मात्र मुंजाजीला जमलं नसतं. पुढच्या शटडाऊनचं त्यानं विचारून बघितलं. उत्तरेश्वरनं नकाराची मान हलवली.

घरी पोचला तेव्हा दुपार होती. दोन दिवस आधीच आलेला नवरा आणि त्याच्या हातातली वळकटी बघून साखराबाईला काय ते कळलं. तिनं तांब्याभर पाणी दिलं. त्यानं निम्म्या पाण्यात हातपाय धुतले, निम्मं तिला परत दिलं. बंकट मुकादमाचा ट्रक परवा ऊसतोडीला कर्नाटकात निघतोय, ती खाली बघत म्हणाली.

"त्याला नवरा-बायकोची जोडी लागती. तुमी येता का?"

तिला दिलेला शब्द मोडल्याची त्याला लाज वाटली. पत्र्याखाली खोचलेले दोन कोयते त्यानं काढले, एक तिचा, एक बापाचा. तिचा तिच्यापुढं ठेवला. बापाचा उजेडात धरला, फडक्यानं पुसला आणि धार अंगठ्यानं बघितली.