कल्हईवाल्याच्या घराची मोजणी

बिऱ्हाडेबाईंना मोजणी करून घ्यायचा सल्ला मी दिला होता. चांगल्या मनानं दिला होता. आज कुणी विचारलं तर तोच सल्ला देईन का, हे मला सांगता येत नाही.

सोनगीरच्या सरकारी दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीवर होतो आणि द्रौपदाबाई बिऱ्हाडे नर्स होत्या. मूळच्या बोदवडकडच्या. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. स्वतःच धडपडून नर्सिंग शिकल्या आणि बदल्या होत होत सोनगीरला आल्या. गावात त्यांना सोळा वर्षं झाली होती. किल्ल्याखालच्या गल्ल्यांत कुठल्याही घरात जा, एक तरी पोर त्यांच्या हातावर जन्मलेलं असायचंच. कामात अतिशय काटेकोर. सुया उकळायला ठेवल्या की घड्याळ बघून वीस मिनिटं भरल्याशिवाय झाकण उघडू द्यायच्या नाहीत, बाहेर कुणी कितीही घाई करो.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात त्या रिटायर होणार होत्या आणि क्वार्टर सोडावं लागणार होतं. भावांकडे जायचं त्यांच्या मनात नव्हतं. "पाहुणी म्हणून आठ दिवस मी तिथं बरी," म्हणायच्या. त्यांना सोनगीरलाच राहायचं होतं. म्हणून दोन वर्षं आधीपासून त्या विकत घ्यायला घर बघू लागल्या.

मी बदलून आलो तेव्हा मला पंधरा दिवसांत खोली मिळाली होती. बाईंना सोळा वर्षांनंतरही घर मिळेना. तोडून कुणी बोलत नव्हतं. चहा द्यायचे, पोरांना पाया पडायला लावायचे आणि म्हणायचे, "द्यायचंच होतं बाई, पण आता मोठा मुलगा नको म्हणतो." एकानं मात्र सरळ सांगितलं की तुमच्या समाजाची वस्ती खाली आहे, तिकडं जागा बघा.

"तिकडं राहायला मला लाज नाही, आधारभाऊ," बाई मला म्हणाल्या. "पण मी कुठं राहायचं हे सांगणारा हा कोण?"

शेवटी घर देऊ केलं ते साबेराबींनी. किल्ल्याच्या पायथ्याशी नऊ घरांची एक गल्ली होती. मागं टेकडी चढायची, पुढं गटार आणि रस्ता. त्यातलं तिसरं घर साबेराबींचं. त्यांचे मालक कादरभाई भांड्यांना कल्हई करायचे, ते वारून सहा वर्षं झाली होती. मुलगा नाही. एक मुलगी शहनाज, ती नशिराबादला दिलेली. साबेराबींना काचबिंदू झाला होता. बाईच त्यांना एसटीनं धुळ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर गेली, उरली आहे तीही वर्ष-दोन वर्षांत जाईल. परत येताना साबेराबी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. सोनगीर फाट्याच्या अलीकडं अचानक अहिराणीत म्हणाल्या, "बाई, मनं घर तू ले."

"आणि तुम्ही, आपा?"

"मी शहनाजकडे जासू. पन रिकामा हाते जवाईना घर कशी जाऊ? घरना पैसा लेईसन गयी ते एक कोपरा तरी मना व्हई."

घर दोन खणांचं, वर सपाट मातीचं धाबं. भिंती खाली काळ्या दगडाच्या, वर मातीच्या. ते दगड किल्ल्यावरून आणलेले, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. बाईंनी घर पाहिलं तेव्हा मी बरोबर होतो. चूल कुठं, पलंग कुठं, दाराशी तुळशीऐवजी कडीपत्ता लावायचा, असं सगळं त्या उभ्याउभ्या ठरवून मोकळ्या झाल्या. त्यांना इतकं बोलताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी कागद मला दाखवले. ग्रामपंचायतीचा उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या, बस्स. मी म्हणालो, "बाई, घरपट्टी कोण भरतं एवढंच यातून कळतं. जमीन कुणाची ते कळत नाही. माझ्या मामांनी जळगावला असंच घर घेतलं आणि मागची खोली शेजाऱ्याची निघाली. अकरा वर्षं कोर्टात गेली. तुम्ही सरकारी मोजणी करून घ्या, नकाशा हातात येऊ द्या, मगच सही करा."

त्यांना ते लगेच पटलं. साबेराबींचा अंगठा घेऊन त्यांनी धुळ्याच्या ऑफिसात अर्ज दिला.

शेजाऱ्यांना मोजणीच्या नोटिसा गेल्या तेव्हा चौथ्या घरातले मोतीलालभाऊ दवाखान्यात आले. पितळी भांड्यांचे कारागीर, साठीचा माणूस. बाईंच्या टेबलासमोर उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, घर लेवानं शे ते ल्या. पन मोजनी नका आनू. आमना बापपाईन आठे कोनी साखळी टाकी नही."

"मोजणीची साखळी का नाही टाकली?"

"कसाले टाकतीन? बठ्ठा एकमेकले वळखतस."

"सगळे ओळखतात ते ठीक. तुमची जागा कुणी घेत नाही, भाऊ. जिथं तुमची भिंत तिथं तुमची हद्द लागेल."

मोतीलालभाऊंनी हात जोडले. "नका आनू, बाई," एवढंच परत म्हणाले आणि गेले.

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गेल्या वर्षी यांच्या भावाचं घर रिकामं होतं. तेव्हा खालच्या वस्तीत जागा बघा, असं मला हेच म्हणाले होते. आता मोजणी नको म्हणतात. मी तिथं यायला नको, हे त्यांचं खरं."

मलाही तसंच वाटलं. मी म्हणालो, "त्यांनी ओटा पुढं ओढला असेल, त्याची भीती." आज वाटतं, त्या माणसाला आपल्या बापाकडून काहीतरी ऐकून माहीत होतं आणि ते तोंडानं सांगायची हिंमत नव्हती. आम्ही त्याला एकदाही धड विचारलं नाही.

मोजणीदार अर्जानंतर सात महिन्यांनी आला, फेब्रुवारीत. देवचंद शिंपी नावाचा, वागायला सरळ. बरोबर साखळी धरायला दोन माणसं, तीन पायांचं टेबल आणि कापडात गुंडाळलेला गावचा जुना नकाशा. गल्ली सगळी बाहेर आली होती, गावचे पंचही होते. साबेराबी ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या आणि साखळीचा आवाज येईल तिकडं मान वळवत होत्या.

त्यानं किल्ल्याच्या बाजूचा एक जुना हद्दीचा दगड शोधून काढला आणि तिथून माप धरलं. टेबलावर वाकून कागदावर रेघ ओढली, थांबला. गावच्या चावडीकडच्या दुसऱ्या दगडापासून परत मापं घेतली. जेवायची वेळ टळून गेली तरी तो थांबला नाही. तिसऱ्यांदा माप झालं तेव्हा तो बाईंना बाजूला घेऊन गेला. मी जवळच होतो.

"बाई, हे घर गावठाणात नाही."

"म्हणजे?"

त्यानं बोटानं गटार दाखवली. "गावठाण इथं संपतं. गटारीच्या रस्त्याकडच्या बाजूला गाव, घरांकडच्या बाजूला किल्ल्याची जागा. सरकारी."

"म्हणजे आपांचं घर..."

"आपांचं एकट्यांचं नाही. पूर्ण ओळ."

बाईंनी नऊ घरांकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, मला आता घर नको. माझा अर्ज मागं घेते. तुम्ही हे लिहू नका."

"मोजणीच्या आधी अर्ज मागं घेता येतो. आता मोजणी झाली." तो कपाळ पुसत होता. "हे दोघं साखळी धरून उभे होते, पंच उभे होते. मी काय लिहू? गटार हलवू?"

बाईंनी पुन्हा आग्रह धरला नाही. लसीकरणाच्या रजिस्टरात वरून कितीही दबाव आला तरी खोटा आकडा लिहिणार नाही, म्हणून त्यांनी एकदा वेतनवाढ गमावली होती. समोरचा माणूसही तेच करत होता.

ओट्यावरून साबेराबींनी विचारलं, "काय निंघनं, बाई? बरोबर शे ना?"

बाई त्यांच्याजवळ जाऊन खाली बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि खरं ते सांगितलं. साबेराबींना पहिल्यांदा समजलंच नाही. कादरभाईंच्या वडलांनी घर बांधलं, असं त्या परत परत सांगत राहिल्या. मग त्यांनी हात सोडवून घेतला.

"कालपावत हाई घर मनं व्हतं. तू मोजं, आनि आते ते कोनंच नही."

एप्रिलमध्ये नऊ घरांना नोटिसा आल्या. घर पाडा असं त्यात नव्हतं. जागा सरकारी आहे, खरेदी-विक्री करू नये, परवानगीशिवाय दुरुस्ती वा बांधकाम करू नये, एवढंच होतं. परवानगी कुणाकडे मागायची ते कुणालाच माहीत नव्हतं. ग्रामपंचायतीनं त्या गल्लीला उतारे देणं बंद केलं. मोतीलालभाऊंच्या मुलाचं धंद्यासाठीचं कर्ज उताऱ्यावाचून अडलं आणि तो सुरतेला निघून गेला.

बाई धुळ्याला पाच-सहा खेपा घालून आल्या. दोनदा मी बरोबर गेलो. प्रत्येक टेबलावर माणसं नीट बोलली, एकानं पाणीही दिलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, प्रकरण वर गेलंय. वर म्हणजे कुठं, तर नाशिक. नाशिकला बाईंनी रजिस्टर पत्र पाठवलं, त्याची पोच आली. उत्तर आलं नाही.

मग त्यांनी शेवटचा मार्ग काढला. साबेराबींना म्हणाल्या, "आपा, विकत नाही तर नाही. मी भाड्यानं राहते. दर महिन्याला मनिऑर्डर नशिराबादला पाठवत जाईन, तुमच्या नावानं. तुम्ही जावयाकडे रिकाम्या हातानं जाणार नाही."

साबेराबी तयार झाल्या. बाईंनी क्वार्टरमधलं सामान बांधलंही. रिटायरमेंटच्या दुसऱ्या दिवशी बैलगाडी गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हा आठ घरांतली माणसं रस्त्यात उभी होती. त्यात यशोदाबाई होती. तिच्या पहिल्या बाळंतपणात मूल आडवं आलं होतं आणि बाईंनी दोघांना वाचवलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, बाईंकडे नाही.

मोतीलालभाऊ पुढं आले. त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि थकवा जास्त होता. "बाई, मी तुमले हात जोडीसन सांगं व्हतं. तुमी आमना घरवर नोटीस आनी. आते आमनामा ऱ्हावाले येऊ नका."

"भाऊ, माझ्या हातून जाणूनबुजून..."

"माले मालूम शे."

मी मध्ये पडलो. म्हणालो, सल्ला माझा होता, बाईंना बोलू नका. मोतीलालभाऊंनी माझं ऐकून घेतलं, मान डोलवली आणि तिथंच उभे राहिले. साबेराबी आपल्या दारात होत्या. त्यांनी काहीतरी बोलावं, असं मला मनापासून वाटत होतं. त्यांना त्याच लोकांच्या आधारानं पाणी भरायचं होतं, दळण आणायचं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. बाईंनी गाडीवानाला बैल वळवायला सांगितलं.

त्या धुळ्याला देवपुरात एका खोलीत राहायला गेल्या. साबेराबी दिवाळीपर्यंत एकट्या राहिल्या. नंतर एकदा चुलीवरचं गरम पातेलं न दिसून हात भाजला, तेव्हा जावई येऊन त्यांना घेऊन गेला. सामान दोन गाठोड्यांत मावलं. दाराला कुलूप लावून किल्ली त्यांनी मोतीलालभाऊंकडे दिली. पुढच्या पावसाळ्यात धाबं गळू लागलं. वर माती टाकायची तर दुरुस्ती होते, म्हणून कुणी टाकली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मागची भिंत आत कोसळली.

ब्याण्णवमध्ये बाईंनी मला नशिराबादला बरोबर चला म्हटलं. एसटीतून उतरून विचारत विचारत आम्ही शहनाजच्या घरी पोचलो. शहनाजनं दार अर्धं उघडलं. आतल्या अंधारात खाटेवर साबेराबी भिंतीकडे तोंड करून बसलेल्या दिसत होत्या, खूप लहान झालेल्या. बाईंनी आणलेली पिशवी शहनाजनं घेतली नाही.

"अम्मी आता कुणाला भेटत नाही," ती म्हणाली. "तुमचं नाव काढलं की दोन दिवस जेवत नाही. तुम्ही वाईट नाही, मला माहीत आहे. पण येऊ नका."

आतून आवाज आला, "शहनाज, कोन शे वं?"

"कोनी नही, अम्मी. रस्ता विचारतस."

बाईंनी पिशवी उंबऱ्याशी ठेवली. आम्ही हायवेवर येऊन उभे राहिलो. धुळ्याची गाडी यायला तासभर होता. मी चहा घेऊ या म्हणालो, त्या नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आधारभाऊ, खोलीची मालकीण परवा पूर्ण नाव विचारत होती. मला वाटतं, ही खोलीही सोडावी लागेल."

मी त्यांची पदराआडची हातपिशवी घेऊन माझ्या खांद्याला लावली. गाडी आली, भरलेली होती. बाईंना कशीबशी जागा मिळाली, मी दाराशी उभा राहिलो.

सोनगीरची ती नऊ घरांची फाईल अजून वरच आहे, असं ऐकतो. मोजायला, पाडायला किंवा बघायला नंतर कुणीही आलं नाही.